विक्रांतचा बॉयलर आणि अधिकाऱ्यांच्या आठवणी

भारत-पाकिस्तान युद्धात 4 डिसेंबर 1971 रोजी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले, ही घटना युद्धेतिहासात ठळकपणे नोंदली गेली आहे; परंतु ती नौका त्या दिवशी कोणत्या अवस्थेत समुद्रावर होती आणि तिला तेथवर नेण्यासाठी काय काय करावे लागले, हे समजून घ्यायचे तर निवृत्त नौदल अधिकाऱ्यांच्या आठवणींकडे वळावे लागते.

विक्रांतची बांधणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलीस’ या नावाने सुरू झाली, युद्ध संपल्यानंतर काम थांबले, 1957 मध्ये भारताने ती अपुरी नौका विकत घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत पूर्ण झाल्यावर 4 मार्च 1961 रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. तिचा कमाल वेग सुमारे 25 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर होता आणि तो सर्वस्वी बॉयलरमधील वाफेवर अवलंबून होता. जळत्या तेलाच्या उष्णतेने नळ्यांतील पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, आणि त्याच वाफेच्या जोरावर कॅटापल्ट, म्हणजे विमानाला आखूड धावपट्टीवरून झटक्याने पुढे फेकणारी यंत्रणा, चालते.

जून 1970 मध्ये बॉयलरच्या खालच्या अंगाला असणाऱ्या जलपिंपांना, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पोलादी टाक्यांना, वेल्डिंगने बुजवता न येणाऱ्या भेगा आढळल्या आणि नवी पिंपे ब्रिटनमधून मागवावी लागली. ती येण्यापूर्वीच, मार्च 1971 मध्ये, दाब कमी ठेवून बॉयलर पुन्हा पेटवण्यात आले. विमानाला उड्डाणासाठी समोरून जोराचा वारा लागतो आणि त्याचा मोठा भाग नौकेच्या स्वतःच्या वेगातून मिळतो. त्यामुळे कमी दाबाने वेगावर आलेली मर्यादा ही थेट विमानांच्या उड्डाणावरील मर्यादा ठरत होती, आणि वाफेचा दाब, वाऱ्याची दिशा व विमानावरील भार यांचा मेळ घालूनच प्रत्येक उड्डाणाचा निर्णय करावा लागत असे.

नौदलाच्या पूर्व विभागाचे तत्कालीन प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘नो वे बट सरेंडर’ या पुस्तकात बंगालच्या उपसागरातील युद्धाची हकीकत लिहिली, तर व्हाइस ॲडमिरल गु. मो. हिरानंदानी यांनी ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या इतिहासग्रंथात प्रत्यक्ष सहभागी अधिकाऱ्यांची निवेदने अधिकृत माहितीच्या जोडीला मांडली. आठवणी आणि कागदपत्रे अशी समोरासमोर ठेवणे हीच योग्य पद्धत होय. कारण स्मृतीत तारखा सरकतात, आणि आदेशाच्या कागदावर मात्र तो देणाऱ्याची चिंता उतरत नाही.

31 जानेवारी 1997 रोजी विक्रांत सेवानिवृत्त झाली, काही काळ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि 2014 मध्ये तेथील दारूखाना भागात तिची मोडणी सुरू झाली. सेनापतींची पुस्तके उपलब्ध आहेत. परंतु बॉयलरखोलीतील असह्य उष्म्यात दाबमापकावर नजर खिळवून पाळ्या करणाऱ्या अभियंत्यांचे आणि नौसैनिकांचे अनुभव फारच थोडे लिहिले गेले आहेत. कोकणातून नौदलात जाण्याची परंपरा जुनी असल्याने हे अनुभव नोंदवण्याचे काम मराठीतही व्हायला हवे, आणि 1971 मध्ये विशीत असलेले नौसैनिक आज सत्तरी ओलांडून गेले असल्याने ते विनाविलंब हाती घेतले पाहिजे.