हाकेला ओ देणारे कोण? घरातील वडीलधाऱ्यांसाठी मदतीची घंटा निवडताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील सातवीच्या एका विद्यार्थिनीच्या आज्जी न्हाणीत घसरून पडल्या. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आई-वडील कामावर, नात शाळेत. साडेचारला शाळा सुटून नात घरी आली तेव्हा आज्जी तशाच ओल्या फरशीवर होत्या. पुण्याच्या काकांनी मुद्दाम पाठवलेले लाल बटण सोप्यातल्या खुंटीवर, कॅलेंडरशेजारी लोंबकळत होते. अंघोळीला जाताना भिजेल म्हणून आज्जींनीच ते काढून ठेवले होते. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आता त्या वॉकर धरून चालतात. नात मात्र बरेच दिवस मधल्या सुट्टीत ऑफिसात येऊन "घरी एक फोन करू का?" असे विचारत असे.

त्यानंतरच्या पालकसभेत अनेकांनी हाच विषय काढला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मुले पुणे, मुंबई, बंगळूरला आणि घरी आई-वडील दोघेच, किंवा एकटेच. असे यंत्र कोणते घ्यावे, किती रुपयांचे घ्यावे, असे प्रश्न आले. आम्ही शिक्षकांनी बाजारात चौकशी केली, दोन-तीन प्रकार आपापल्या घरी लावून पाहिले. त्यातून जे कळले ते पालकांपुढे ठेवत आहोत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पडण्यापेक्षा पडून राहणे अधिक घातक असते. १९८१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी घरी पडलेल्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभराहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत दगावले होते. त्यातले पुष्कळ जण मुळातच अशक्त असणार, हे खरे. पण तासन् तास एकाच कुशीवर राहिल्याने कातडी सोलवटते, अंग गार पडते, तोंडात पाण्याचा थेंब जात नाही, आणि दबलेले स्नायू खराब होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. त्याच देशात केंब्रिज येथे नव्वदीपुढच्या लोकांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तर आमच्या आज्जींचीच गोष्ट सापडते. घरात मदतीची घंटा होती, तरी बराच वेळ पडून राहिलेल्या बहुतेकांनी ती वाजवलीच नव्हती. कुणाच्या अंगावर ती नव्हती, कुणाला उगीच कुणाला त्रास द्यायला नको वाटले.

म्हणून यंत्राच्या किमतीआधी आम्ही पालकांना एकच प्रश्न विचारतो. बटण दाबल्यावर दहा मिनिटांत दारात कोण येणार? त्या माणसाचे नाव ठरले की यंत्र निवडणे सोपे होते. नाव ठरत नसेल तर महागातले यंत्रही खुंटीवरच राहते.

हे बटण मूळचे परदेशातले. १९७० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी आणि अमेरिकेत बोस्टनच्या अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञांनी ही व्यवस्था उभी केली. गळ्यात बटण, घरातल्या टेलिफोनला जोडलेली पेटी, आणि पलीकडे रात्रंदिवस माणूस बसलेले केंद्र. आपल्याकडेही पैसे घेऊन अशी सेवा देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. केंद्रातला माणूस कोणत्या भाषेत बोलेल? घाबरलेल्या आज्जीला मराठीच सुचणार, इंग्रजीत सूचना ऐकून ती गोंधळून जाईल. आणि बटण दाबल्यावर तुम्ही निपाणीत, खानापुरात, येळ्ळुरात नक्की कुणाला पाठवणार? "आम्ही तुमच्या मुलाला फोन करू" एवढेच उत्तर मिळाले, तर तो फोन आज्जी स्वतःही करू शकतात.

आमच्या मते आपल्या भागात सर्वांत उपयोगी पडेल अशी वस्तू अगदी साधी आहे. बिनतारी दाराची घंटा. इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळते. बटण आज्जींकडे द्यायचे आणि वाजणारा भाग शेजारच्या घरातल्या प्लगमध्ये लावायचा. ना सिमकार्ड, ना रिचार्ज, ना इंटरनेट. खोक्यावर शंभर मीटर, दीडशे मीटर असे लिहिलेले असते, पण ते मोकळ्या मैदानातले. आपल्या जुन्या घरांच्या जाड दगडी आणि मातीच्या भिंतींतून ते अंतर फार कमी होते. आमच्या एका सरांच्या घरी सोप्यातून दाबलेले बटण शेजारी खणखणीत वाजले, परड्यातल्या संडासातून दाबलेले मात्र वाजलेच नाही. वाजणारा भाग शेजाऱ्यांच्या मागच्या खोलीत हलवल्यावर काम झाले. तेव्हा घेताना दुकानदाराला परत घेण्याची अट घालावी आणि घरी आणल्यावर न्हाणी, संडास, माडी, परडे अशा प्रत्येक ठिकाणाहून दाबून पाहावे. एकाला बटण दाबायला आणि एकाला शेजारी ऐकायला उभे करावे. हे काम मुले फार आनंदाने करतात. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या दारावरच्या घंटेहून हिचा सूर वेगळा ठेवायला विसरू नये.

या घंटेची उणीवही सांगितली पाहिजे. वीज गेली की प्लगमधला भाग मुका होतो. म्हणून वाजणारा भाग सेलवर चालणारा मिळाल्यास तो घ्यावा, किंवा शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरच्या प्लगला लावावा. शेजारी गावाला गेले तर दुसरे कोण, हेही ठरलेले असावे.

शेजार दूर असेल, घर मळ्यात असेल, तर मोबाईलच्या जाळ्यावर चालणारे बटण घ्यावे लागते. त्यात सिमकार्ड असते, दाबले की ते ठरवलेल्या नंबरांवर एकामागून एक फोन लावते आणि काहींत दोन्हीकडून बोलताही येते. घेण्यापूर्वी यंत्र टू-जीचे की फोर-जीचे ते पाहावे. जिओचे सिम टू-जीच्या यंत्रात चालत नाही, कारण त्या कंपनीचे टू-जी जाळेच नाही. सिमची मुदत संपली की यंत्र निकामी, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या पाहण्यात यंत्र बंद असण्याचे कारण बहुतेक वेळा हेच होते. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. मुलगा परगावी असेल तर त्याचा नंबर यादीत तिसरा किंवा चौथा असावा. पहिले दोन नंबर गल्लीतलेच हवेत.

जुन्या तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजकडून मिळत असे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. आताच्या फायबरच्या जोडणीला घरची वीज लागते. ब्रिटनमध्ये जुने फोन बदलण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरवण्यात आली, पण नव्या जोडणीवर काही वृद्धांच्या घंटा चालेनात, म्हणून २०२३ च्या अखेरीस हे काम काही काळ थांबवावे लागले होते. वाय-फायवर चालणारे बटण घेणाऱ्यांनी राउटरलाही बॅटरी लावावी.

मनगटी घड्याळे आता पडलेला माणूस आपोआप ओळखतात म्हणे. जोरात आदळून पडल्यास ओळखतातही. पण म्हातारी माणसे पुष्कळदा पलंगावरून हळूहळू घसरत खाली बसतात, ते घड्याळाला कळेलच असे नाही. शिवाय बरीचशी घड्याळे रोज किंवा एक-दोन दिवसांआड चार्ज करावी लागतात, आणि आपण ती रात्री काढून ठेवतो. नेमक्या रात्रीच लघवीला उठताना पडण्याचा धोका असतो.

बटण गळ्यात की मनगटावर? एका आज्जी आम्हाला म्हणाल्या, "गळ्यात नको बाई, गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखं वाटतं." त्यांना मनगटावरचे दिले, बांगड्यांमध्ये ते दिसतही नाही. ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी ते अधू हाताला बांधावे, म्हणजे चांगल्या हाताने दाबता येते. गळ्यातले असेल तर दोरी ओढ बसताच सुटणारी हवी, कुठे अडकून फास बसायला नको. आणि बटण पाण्यात चालणारे हवे. खोक्यावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही त्याला काही होत नाही. दाराच्या घंटेची बटणे बहुतेक इतकी पक्की नसतात, तेव्हा दोन बटणांचा संच घेऊन एक अंगावर ठेवावे आणि दुसरे न्हाणीत, पाणी उडणार नाही अशा जागी, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवावे. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या स्विचपर्यंत पोचत नाही, हे बसवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आता दाराचे. शहापुरातल्या एका घरी घंटा वाजली, शेजारी धावत आले, आणि दाराला आतून कडी! शेवटी मागची कौले काढून एक मुलगा आत उतरला. आतली कडी बाहेरून निघत नाही. त्या जागी बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवावे आणि एक किल्ली शेजारी ठेवावी. न्हाणीला एकट्याने असताना कडी लावूच नये. मर्यादेचा प्रश्न असेल तर पडदा लावावा.

सरकारी मदतीचा नंबर ११२ देशभर चालतो. रुग्णवाहिकेचा १०८ कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. २०१६ च्या केंद्राच्या नियमानुसार साध्या मोबाईलवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले की ११२ ला फोन लागण्याची सोय असायला हवी. आपल्या फोनमध्ये ती आहे का ते माहितीपुस्तिकेत पाहावे, गंमत म्हणून दाबून पाहू नये. आपण सीमेवरची माणसे. कागलच्या बाजूच्या गावांत फोनला कधी पलीकडच्या टॉवरचे नेटवर्क लागते आणि फोन दुसऱ्या राज्यात उचलला जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगण्याची सवय मुलांनाही लावावी. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. कुठल्या दवाखान्यात न्यायचे आणि गाडी कुणाची, हे आधीच ठरवून फोनशेजारी लिहून ठेवावे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर सल्ल्याचा आहे, तो तातडीच्या वेळी लावू नये.

आणि यंत्र नसले तरी एक सोय फुकटात होते. जपानमध्ये २००१ साली चहाच्या पाण्याची अशी विजेची किटली निघाली, की आजोबांनी सकाळी पाणी घेतले की मुलाला निरोप जातो. आपल्याकडे दारातली दुधाची पिशवी तेच काम करते. सात वाजून गेले तरी ती बाहेरच असेल तर शेजाऱ्यांनी हाक मारायची, एवढे बोलून ठेवले तरी पुष्कळ.

मुलांनो, आज्जी-आजोबा पडलेले दिसले तर दंडाला धरून एकदम उठवू नका. आधी कुठे दुखते ते विचारा. कमरेत किंवा मांडीत कळ येत असेल, पाय वाकडा किंवा आखूड दिसत असेल, तर आहे तसेच राहू द्या. अंगावर चादर घाला, मोठ्या माणसाला बोलवा आणि जवळ बसून राहा.

त्या आज्जींच्या घरी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता बटण दाबून पाहतात. नातीने वहीत तारखा मांडल्या आहेत. मागच्या महिन्यात शेजारी घंटा वाजली नाही, तेव्हा बटणातला सेल संपल्याचे कळले. तो बदलला, पुन्हा दाबले, आणि शेजारच्या काकू हातातले लाटणे घेऊनच दारात आल्या.