रस्त्याचे सांधे

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका वर्दळीच्या रस्त्यावर सकाळी भाजी घेऊन परतणाऱ्या एका काकूंच्या मागोमाग मी चालत होतो. वय सत्तरीच्या पुढचं, हातात चाकांची पिशवी. फुटपाथ होता, रुंद होता, पेव्हर ब्लॉकही नवे होते. पण प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो तुटत होता. पहिल्या फाटकाशी काकूंनी पिशवी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली, विजेच्या खांबाला धरून स्वतः उतरल्या आणि चार पावलांवर पुन्हा तेच सगळं उलट्या क्रमाने केलं. दुसऱ्या फाटकाशीही तसंच. तिसऱ्या फाटकानंतर मात्र त्या वर चढल्याच नाहीत. मागून बस येत असताना कडेच्या गाड्यांना खेटून रस्त्यावरून चालू लागल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अरे, दर दहा पावलांना चढ-उतार. गुडघे ऐकत नाहीत."

त्या गेल्यावर मी फुटपाथच्या कडेला हात लावून उंची पाहिली. दीड वीत भरली. भारतीय रस्ते काँग्रेसने पादचारी सुविधांसाठी २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत ही उंची १५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे पुरती एक वीतही नाही.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. रस्ता बांधताना आपण लांबी मोजतो, इतके किलोमीटर फुटपाथ, इतके किलोमीटर सायकल ट्रॅक. जीव मात्र सांध्यांवर जातो. फाटक, गल्लीचं तोंड, बसथांबा, चौक, म्हणजे जिथे जिथे चालणाऱ्याची आणि सायकलवाल्याची वाट तुटते, तिथे.

रोजच्या दोन एसटी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. एसटीच्या दोन गाड्या भरतील इतकी माणसं रोज, आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमी चार ओळींच्या पुढे जात नाही.

या आकड्यांवर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: लोकांना शिस्त नाही, कुठूनही रस्ता ओलांडतात. पण माणूस पाण्यासारखा असतो, कमी श्रमाची वाट धरतो. पाव किलोमीटरवरचा पादचारी पूल चढून उतरण्यापेक्षा तो समोरच्या समोर ओलांडणार. काकू बेशिस्त नव्हत्या. रस्त्यानेच त्यांना खाली उतरवलं होतं.

सायकलींच्या शहरात

एके काळी पुण्याची ओळख सायकलींचं शहर अशी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींचे लोंढे निघत. तासावर भाड्याने मिळणारी सायकल हे विद्यार्थ्यांचं वाहन होतं. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस अडवत. तेव्हा सायकलीसाठी वेगळा मार्ग लागत नव्हता, कारण रस्त्यावरचा सगळ्यांचा वेग जवळजवळ सारखा होता. मोपेड, स्कूटर, मग मोटारसायकल आणि मोटार आली, शहर पसरलं, अंतरं वाढली. वेगातली तफावत वाढली तसा सायकलवाला कडेला सरकत गेला आणि शेवटी रस्त्यावरून उतरलाच.

त्याला परत आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग सुरू झाला, तेव्हा बसमार्गाच्या बाजूने फुटपाथ आणि सायकल ट्रॅकही आखले गेले. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. पुढच्याच वर्षी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. त्यात ८२४ किलोमीटरच्या जाळ्याची कल्पना होती. कागदावर पुणे देशातल्या अनेक शहरांच्या पुढे आहे. 'परिसर' आणि 'पादचारी प्रथम' यांसारख्या संस्थांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे.

मग ट्रॅकवर सायकली का नाहीत? एकदा चालवून पाहिलं की कळतं. सुरुवात छान होते. थोड्या अंतरावर मधोमध झाड किंवा विजेचा डीपी. पुढे बसथांबा, त्यामागून वळसा. मग दुचाक्यांची रांग. आणि चौक जवळ आला की ट्रॅक चक्क संपतो. जिथे बस, ट्रक आणि डावीकडे वळणारी मोटार एकत्र येतात, जिथे संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तिथेच सायकलवाल्याला सोडून दिलेलं असतं. त्यामुळे तो पहिल्यापासूनच ट्रॅकवर जात नाही. मग रिकामा ट्रॅक दाखवून म्हटलं जातं की सायकल कोणाला हवी आहे! नदीवरच्या पुलाची शेवटची कमान बांधलीच नाही, तर त्यावरून कोणी जात नाही म्हणून पूल नको होता असं आपण म्हणू का?

सांधा कसा जुळवतात

जंगली महाराज रस्ता पुणेकरांच्या अभिमानाचा विषय. सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीसह बांधलेला हा रस्ता खड्ड्यांशिवाय टिकला, ही गोष्ट प्रत्येक पुणेकराला पाठ असते. अलीकडे त्याच रस्त्याची नव्याने आखणी झाली, तीही तितकीच महत्त्वाची आहे. तिच्यामागचं तत्त्व साधं आहे: वाहनांसाठीची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी ठेवायची. रस्ता मध्येच रुंद झाला तरी वाहनांना जास्त जागा द्यायची नाही, कारण पुढच्या अरुंद तोंडाशी ती तुंबणारच असतात. उरलेली जागा माणसांना. त्या जागेत झाडं राहिली, बाकं आली, मुलांना खेळायला जागा मिळाली.

सांध्यांवर करायची कामंही अशीच बिनभपक्याची असतात. फाटकाशी फुटपाथ खाली आणायचा नाही, मोटारीने उतारावरून चढून फुटपाथ ओलांडायचा. गल्लीच्या तोंडाशी झेब्रा पट्टे फुटपाथच्याच पातळीला उचलायचे, म्हणजे चालणारा सपाट जातो आणि गाडी आपोआप हळू होते. चौकातला कोपरा ऐसपैस गोल ठेवला तर गाडी वेग न कमी करता वळते. तो आवळला की वळणाऱ्याला ब्रेक दाबावाच लागतो. रुंद रस्त्याच्या मधोमध उभं राहण्यापुरती सुरक्षित जागा ठेवली, तर एका वेळी एकाच बाजूची रहदारी बघावी लागते.

सिग्नलचंही तसंच. सेकंदाला १.२ मीटर ही चालण्याची गती धरून हिशेब केला तर १८ मीटरचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडून होतो. काकूंची गती ०.८ धरली तर साडेबावीस सेकंद लागतात. मधल्या साडेसात सेकंदांत काकू अजून रस्त्यातच असतात आणि समोरची रहदारी सुटलेली असते.

हे सगळं वेगाशी बांधलेलं आहे. ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, ३० ने धावणारी ८ मीटर. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५० चा आघात ३० च्या पावणेतीन पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर तिची समोरून धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो.

नेदरलँड्सने काय केलं

सायकलींचा देश म्हणून आपण नेदरलँड्सचं नाव घेतो, पण तिथेही मोटारींनी शहरं व्यापली होती. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. त्यातून 'बालहत्या थांबवा' या अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली, आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला लावलं. पुढची काही दशकं तिथले अभियंते चौकावर काम करत राहिले. वळणाऱ्या मोटारीच्या आणि सायकलच्या मध्ये कोपऱ्यावर छोटं बेट ठेवायचं, सायकलवाला चालकाच्या नजरेसमोर येईल अशी मांडणी करायची, हे त्यातूनच घडत गेलं. तिथेही खरं उत्तर सांध्यावरच सापडलं.

हक्क आणि जबाबदारी

आपल्याकडे कायदा आता पादचाऱ्याच्या बाजूने आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. ठरलेल्या मानकांकडे दुर्लक्ष करून बांधलेल्या रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल करणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. फेरीवाल्यांनाही २०१४ च्या कायद्याने हक्क दिलेला आहे, आणि भाजी-फुलं विकणारी माणसं असली की संध्याकाळी फुटपाथवर बाईमाणसाला सुरक्षित वाटतं. म्हणून त्यांना हुसकावून लावणं हा उपाय नव्हे, चालण्याची पट्टी मोकळी ठेवून कडेला त्यांची जागा आखून देणं हा आहे.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन पाळला जातो. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांसाठी बंद असतो, आणि एरवी जीव मुठीत धरून चालणारी माणसं रस्त्याच्या मधोमध रेंगाळतात. एक दिवस चांगलाच. पण उरलेल्या ३६४ दिवसांसाठी सांधे जुळवावे लागतील.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी एक करून पाहा. घरातली चाकांची पिशवी घ्या आणि घरापासून भाजीबाजारापर्यंत आणि परत चालत जा. पिशवी किती वेळा उचलावी लागली ते मोजा, कुठे उचलावी लागली ते लिहून ठेवा. तो कागद आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाच्या हातात द्या आणि एकेक सांधा कधी दुरुस्त होणार ते विचारा. ज्या दिवशी काकू पिशवी एकदाही न उचलता घरी पोचतील, त्या दिवशी त्याच वाटेवरून चाकाच्या खुर्चीतला माणूस, बाबागाडी ढकलणारी आई आणि दप्तर पाठीवर घेतलेलं मूलही सुखरूप पोचेल.