आकाशातील टक्कर : नजर आणि यंत्र

४ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, कार्मेल गावावरील आकाशात दोन प्रवासी विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत होते. एक १०,००० फुटांवर व दुसरे ११,००० फुटांवर, म्हणजे दोन्ही आपापल्या नेमून दिलेल्या उंचीवर होती. परंतु ढगांचे माथे तिरपे असल्याने खालच्या वैमानिकास दोन्ही विमाने एकाच पातळीत असल्याचा भास झाला. टक्कर टाळण्यासाठी त्याने विमान वर उचलले आणि टक्कर झाली ती त्यामुळेच. चौघे प्राणास मुकले.

हा दोष कौशल्याचा नव्हे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांतील अंतर दर सेकंदाला अर्धा किलोमीटर घटते. शिवाय टकरीच्या मार्गावरील विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. आणि न हलणारा ठिपका सहसा नजरेत भरत नाही.

म्हणूनच टक्कर-प्रतिबंधक यंत्रणा, अर्थात ‘टीकास’, अस्तित्वात आली. आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडरकडून मिळणाऱ्या उत्तरांवरून ती त्यांचे अंतर व उंची जाणते. धोका वाढल्यास प्रथम इशारा, नंतर ‘वर चढा’ वा ‘खाली उतरा’ असा आदेश देते. दोन्ही विमानांत ती असल्यास यंत्रे आपसांत ठरवून एकास वर, दुसऱ्यास खाली पाठवितात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ ३४९ जणांचा बळी घेणाऱ्या टकरीतील दोन्ही विमानांत ती नव्हती. त्यानंतर भारताने ती सक्तीची केली.

तथापि यंत्र बसविले म्हणजे प्रश्न सुटला, असे झाले नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनजवळ एका रशियन विमानास यंत्राने चढण्यास, तर भूमीवरील नियंत्रकाने उतरण्यास सांगितले. दुसरे विमान उजवीकडे असल्याचेही नियंत्रकाने कळविले. वस्तुतः ते डावीकडे होते. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. दुसरे विमान यंत्राच्या आदेशानुसार उतरतच होते. ७१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती.

यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने निःसंदिग्ध केले, की नियंत्रकाची सूचना विरुद्ध असली तरी यंत्राचा आदेशच पाळावा. दिसलेले विमान तेच असेल, याचीही खात्री नसते. मात्र ट्रान्सपाँडर नसलेले ग्लायडर वा लहान विमान या यंत्रास दिसतच नाही. तेथे वैमानिकाला आजही काचेबाहेरच पाहावे लागते.