विश्लेषण : रक्ताचा अहवाल देणारे यंत्र अचूक आहे, हे कसे तपासतात?

गर्भवतीचे हिमोग्लोबिन ९.५ ग्रॅम असताना अहवालात ११.५ आले, तर तिचा रक्तक्षय नजरेतून सुटतो. असे आकडे अनेक प्रयोगशाळांत कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्रांवर काढतात. ही यंत्रे बिघडली तरी आकडा दाखवत राहतात. म्हणूनच त्यांची नियमित तपासणी आणि योग्य साठवण महत्त्वाची ठरते.

यंत्र काय मोजते?

रक्तात रसायन मिसळल्यावर तयार झालेल्या रंगीत द्रावणातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडला जातो. हिमोग्लोबिनच्या सायनमेटहिमोग्लोबिन पद्धतीत ती ५४० नॅनोमीटर असते. द्रावण जितके गडद, तितका प्रकाश अधिक शोषला जातो. शोषणांक १ म्हणजे १० टक्के प्रकाश पलीकडे पोहोचला. २ म्हणजे अवघा १ टक्का. त्यामुळे गडद द्रावण मोजताना बाहेरचा किंचित प्रकाश आत शिरला तरी आकडा चुकतो.

अचूकता कशी तपासतात?

दिवा स्थिर होण्यासाठी साधारण १५ ते ३० मिनिटे थांबून कोऱ्या द्रावणावर शून्य लावतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरची तरंगलांबी होल्मियम ऑक्साइडच्या काचेने पडताळतात, कारण ही काच ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाश ठळकपणे शोषते. शोषणांकासाठी पोटॅशियम डायक्रोमेटचे प्रमाणित द्रावण वापरतात. द्रावण निम्मे पातळ केले की शोषणांकही निम्मा व्हायला हवा. याशिवाय ज्याचे मूल्य आधीच माहीत आहे, असे कंट्रोल सिरम रुग्णांच्या नमुन्यांआधी तपासले जाते.

क्युवेटची काळजी का?

नमुना ठेवण्याच्या या छोट्या नळीवर बोटाचा ठसा किंवा ओरखडा असला, तर तोही प्रकाश अडवतो आणि आकडा वाढतो. म्हणून ती खडबडीत बाजूंनीच धरावी आणि मऊ कागदाने पुसावी.

पावसाळ्यात काय करावे?

दमट हवेत भिंगांवर आणि आरशांवर बुरशी धरते. कोकण, मुंबईत हा धोका अधिक. यंत्रात सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे मणी गुलाबी झाले की बदलावे किंवा वाळवून पुन्हा वापरावे. वापरानंतर क्युवेट आत विसरू नये. यंत्र थंड झाल्यावरच झाकावे. ऊन, हादरे आणि आम्लाच्या वाफांपासून ते दूर ठेवावे. आतील आरसे स्वतः पुसू नयेत. ते काम तंत्रज्ञाचे. जागा बदलल्यास पुन्हा तपासणी करावी.

रुग्णांनी काय पाहावे?

प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का, हे पाहावे. त्यासाठी उपकरणांच्या तपासणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. अहवाल लक्षणांशी जुळत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फेरतपासणी करून घ्यावी.