सैनिकाचे मनोगत कसे लिहावे?

सहामाही परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत. नववी आणि दहावीच्या निबंधात 'एका सैनिकाचे मनोगत' हा विषय होता व बहुतेक विद्यार्थ्यांनी तोच निवडला. अक्षर सुधारले आहे, शुद्धलेखनही पुष्कळ बरे आहे. परंतु जवळजवळ सगळे सैनिक एकच भाषण करतात. प्रत्येकाची छाती अभिमानाने फुगलेली आहे. (काहींची ती 'चौडी' झाली आहे. हिंदीत होत असेल, मराठीत छाती फुगते एवढे लक्षात ठेवावे.) कुणालाही मृत्यूची पर्वा नाही. प्रत्येक जण शेवटी तिरंग्यात लपेटून घरी येतो आणि त्यानंतरही दोन परिच्छेद बोलत राहतो. मनोगत म्हणजे मनात चाललेले बोलणे. पंधरा ऑगस्टला व्यासपीठावरून जे बोलतो, ते भाषण झाले.

एका विद्यार्थिनीने मात्र निराळे लिहिले. तिने पानिपतच्या आदल्या रात्रीचे सदाशिवरावभाऊ घेतले. तिच्या निबंधात भाऊसाहेबांना झोप येत नाही आणि त्यांना भीती वाटते. निबंधाला चांगले गुण मिळाले व तो भित्तिपत्रकावर लागला. त्यानंतर काही पालक आम्हांस भेटून गेले आणि एका ज्येष्ठ विश्वस्तांचाही निरोप आला. आपल्या वीरपुरुषांना भित्रे दाखवायला शाळेत शिकवतात काय, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न तळमळीने विचारलेला आहे. त्याचे उत्तर सूचनाफलकावरच्या दोन ओळींत देण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

लढवय्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे दोन वाटांनी कळते. एक वाट त्याने स्वतः मागे ठेवलेल्या खुणांची, म्हणजे पत्रे, आठवणी, जवळच्या माणसांजवळ काढलेले शब्द. दुसरी वाट कथाकाराच्या कल्पनेची. पहिल्या वाटेने निघावे तर आपल्या ग्वाल्हेरकरांना लांब जायला नको. महादजी शिंदे यांचेच उदाहरण घेऊ.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत हरल्यावर महादजी आपल्या दक्षिणी घोडीवरून निघाले. एका धिप्पाड अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग धरला. घोडी चपळ आणि अफगाणाचे घोडे बोजड, पण ते काही केल्या मागे पडेना. शेवटी घोडी पडली आणि स्वाराच्या घावाने महादजींचा गुडघा कायमचा अधू झाला. एवढे आपणां सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचे फारसे कुणी सांगत नाही. सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरील ग्रंथात एक टीप आहे. महादजी ही हकीकत पुढे स्वतः सांगत असत. तो अफगाण आणि ते बोजड घोडे आपल्या घोडीमागे झेपावत आहे, असे दृश्य पुष्कळ दिवस आपल्या झोपेत येऊन झोप मोडत असे, असेही ते सांगत.

हे सांगणारा माणूस कोण? ज्याने पुढे उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचा दरारा पुन्हा बसवला आणि दिल्लीच्या बादशहाला आपल्या आश्रयाखाली घेतले, तो. त्याला ते स्वप्न सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपण ते लपवून त्यांची कोणती सेवा करणार? याच महादजींनी भक्तिपर रचनाही केल्या आणि बीडच्या मन्सूरशहांना गुरू मानले. ते स्वप्न, ते भजन आणि ती लंगडी चाल एकत्र ठेवली, की पुतळ्यावरचे महादजी आपल्याशी बोलू लागतात.

दुसरे उदाहरण नाना फडणीसांचे. पानिपतच्या वेळी ते एकोणीस वर्षांचेही पुरे झालेले नव्हते. आई व पत्नी बरोबर होत्या. लढाई हरल्यावर ते वेष बदलून, पायी, लपतछपत सुटले. पत्नी वाचली, पण आई त्या धामधुमीत गेली. नानांनी आपल्या आयुष्याचा सुरुवातीचा भाग स्वतः लिहून ठेवला आहे. लहानसेच लिखाण, पण त्यात तरुण वयातल्या मनाच्या विकारांची कबुली आहे आणि जीव वाचवून पळाल्याचीही आहे. ज्यांना पुढे मराठी राज्याचे सर्वांत धोरणी कारभारी म्हणून नाव मिळाले, त्यांनी हे आपल्या हाताने लिहिले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

भाऊसाहेबांचे काय? त्या रात्री त्यांना काय वाटले, याचा कागद नाही. त्यांच्या मनापर्यंत जाणाऱ्या दुसऱ्या खुणा मात्र आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये छापलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात त्या काळातली पत्रे आहेत. गोविंदपंत बुंदेल्यांना भाऊसाहेब पुनःपुन्हा पैसा आणि रसद मागतात, उशीर झाला की रागावतात. वरवर पाहता हा हिशेबाचा पत्रव्यवहार आहे. परंतु ज्याच्या छावणीत हजारो तोंडे आहेत आणि दाणा संपत चालला आहे, त्याने ही पत्रे लिहिली हे मनात ठेवून वाचावे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंतच मारले गेले आणि ती आशाही तुटली.

आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या गावाच्या अगदी जवळची. १७६० च्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांची फौज याच ग्वाल्हेरवरून चंबळ उतरून पुढे गेली. मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांनी बायकामुले, यात्रेकरू आणि जड सामान मागे ठेवून सडे जावे असा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही. पानिपतच्या छावणीत भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, शेकडो कुटुंबे होती. सकाळी ज्यांना तलवार धरायची त्यांची गोष्ट वेगळी, पण ज्यांना ती धरता येत नाही त्यांचे काय, हा विचार तीस वर्षांच्या त्या सेनापतीला त्या रात्री शिवला असेल काय? आमच्या विद्यार्थिनीने नेमकी हीच भीती लिहिली आहे. तिचे भाऊसाहेब स्वतःच्या मरणाला घाबरत नाहीत. मागे ठेवता आली असती पण बरोबर आणलेली माणसे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पालकांनी निबंध पुन्हा एकदा सावकाश वाचावा, ही विनंती. दुसऱ्या दिवशी विश्वासराव पडल्यावर हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत शिरलेले भाऊसाहेब तिने जसेच्या तसे ठेवले आहेत. झोप न आलेला माणूस सकाळी हे करतो, तेव्हा त्याचे शौर्य कमी होते की वाढते, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

आता दुसऱ्या वाटेकडे, कल्पनेच्या वाटेकडे वळू. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) पुष्कळ घरांत आहे. तिची रचना पाहिली तर ती मनोगतांचीच मालिका आहे. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्णही बोलतात. हिंदीत दिनकरांची 'रश्मिरथी' (१९५२) आहे. दोन्ही लेखकांना कर्णाच्या मनात शिरायला जागा मिळाली, कारण महाभारतानेच ती ठेवली आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला जन्माचे रहस्य सांगतात. कर्ण पांडवांकडे यायला नकार देतो आणि वर सांगतो, की हे युधिष्ठिराला कळू देऊ नका, कळले तर तो राज्य स्वीकारणार नाही. आपल्याविरुद्ध लढणाऱ्या धाकट्या भावाचा स्वभाव हा माणूस किती ओळखतो! मनोगत लिहिणाऱ्याने अशा एका वाक्यावर बोट ठेवावे आणि तिथून आत जावे.

आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे सैनिकाचे मन म्हटले की आम्हांस सर्वांत आधी लहना सिंह आठवतो. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही कथा १९१५ मध्ये 'सरस्वती' मासिकात आली, तेव्हा पहिले महायुद्ध चालूच होते. गुलेरीजी अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकवणारे संस्कृतचे पंडित. त्यांनी फ्रान्सच्या आघाडीवरचा चिखलाने भरलेला खंदक असा उभा केला, की वाचताना पाय गारठतात.

कथेत लहना सिंह शीख पलटणीत जमादार आहे. त्याच्या सुभेदाराचा मुलगा बोधा सिंह तापाने फणफणलेला आहे. लहना त्याला आपली कांबळी पांघरतो, त्याच्या वाटणीचा पहारा स्वतः करतो आणि अंगातली जर्सी काढून जबरदस्तीने त्याला घालतो. वर खोटे सांगतो, की माझ्याजवळ विलायतेहून आलेली दुसरी आहे. पुढे इंग्रज अधिकाऱ्याच्या वेषात एक जर्मन खंदकात येतो आणि बऱ्याच जणांना दुसरीकडे धाडतो. तो शिखाला सिगारेट पुढे करतो, तिथेच लहनाला संशय येतो. हल्ला होतो, तो परतवला जातो. लहनाला खोल जखम झाली आहे, पण तो ती कमरपट्ट्याने आवळून लपवतो. जखमींच्या गाडीतून सुभेदार व बोधा यांना पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. हे सारे तो का करतो, हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही. शेवटी, पाणी मागत पडला असताना, त्याच्या आठवणीतून आपल्याला कळते. अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा असताना भेटलेली आठ वर्षांची मुलगी पंचवीस वर्षांनी सुभेदारीण म्हणून समोर आली होती आणि तिने नवरा व मुलगा यांना सांभाळायची भीक मागितली होती.

कथेच्या अगदी अखेरीस वर्तमानपत्रातली बातमी येते, लहना सिंह जखमांनी मैदानात मेला एवढीच. बाहेरच्या जगाला त्याच्याविषयी तेवढेच ठाऊक होणार. जर्सी कुणी दिली आणि कुणासाठी, हे त्या बातमीत असणार नाही. 'त्याचे तिच्यावर प्रेम होते' असे वाक्य गुलेरीजींनी कुठे लिहिले नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी असती तर पहिल्याच परिच्छेदात तीन वेळा लिहिले असते! असो.

कुणी म्हणेल, ही झाली गोष्ट, खरे शिपाई असे थोडेच असतात? त्याच आघाडीवरच्या खऱ्या हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे लंडनमध्ये जपून ठेवलेले आहेत. ही पत्रे सरकारी तपासनीस आधी वाचत, त्यांतले मजकूर इंग्रजीत भाषांतरित करून ठेवत, म्हणूनच ते आज उरले आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. शिपायांना ठाऊक होते की आपले पत्र कुणीतरी फोडून वाचणार. तेव्हा ते आडून लिहीत. हिंदी शिपायांना काळी मिरची आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत, आणि कोणती मिरची किती संपली ते घरी कळवत. दिसायला वाणसामानाची यादी, आणि आत किती माणसे मेली त्याचा हिशेब. मनातले बोलायची मुभा नसताना मन असे बोलते. पुढच्या वेळी कुणी सैनिकाच्या मनोगतात 'प्रिय आई, मी इथे मजेत आहे' असे लिहील, तर त्याच्या खाली दुसरे काय दडले आहे याचाही विचार व्हावा.

ज्येष्ठ विश्वस्तांच्या प्रश्नातला एक मुद्दा आम्हांस मान्य आहे. कल्पनेने लिहिलेले पुढे कुणीतरी इतिहास म्हणून सांगू लागते. विश्वास पाटलांच्या 'पानिपत' (१९८८) कादंबरीतले संवाद काही मुले इतिहासाच्या उत्तरात लिहितात, तेव्हा आम्ही गुण कापतो. कादंबरी वाईट म्हणून नव्हे, ती तर जरूर वाचावी. परंतु कागदावर सापडलेले काय आणि लेखकाने रचलेले काय, हे वाचणाऱ्याला वेगळे करता आले पाहिजे. म्हणून यापुढे ऐतिहासिक व्यक्तीचे मनोगत लिहिताना डाव्या पानावर त्या व्यक्तीविषयी नक्की ठाऊक असलेल्या गोष्टी व त्या कुठे वाचल्या ते लिहायचे आणि उजव्या पानावर मनोगत. डावे पान कोरे असेल, तर उजवे तपासले जाणार नाही. भित्तिपत्रकावरही दोन्ही पाने शेजारी लागतील. भाऊसाहेबांचा निबंध याच रीतीने पुन्हा लावण्यात येईल. डावे पान तयार करण्याचे काम त्या विद्यार्थिनीने सुरू केले आहे.

दिवाळीच्या सुट्टीसाठी नववी-दहावीला दिलेला विषय आहे राणेखान. पानिपतच्या मैदानातून जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून सुरक्षित ठिकाणी नेणारा हा भिस्ती. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. तोच सरदार झाला आणि १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या तावडीतून दिल्ली सोडवणाऱ्या फौजेचे नेतृत्व त्याने केले. पखाल वाहणाऱ्या माणसाने त्या दिवशी इतक्या जखमींमधून याच एकाला का उचलले, ओळखून की न ओळखता, आणि सत्तावीस वर्षांनी दिल्लीच्या किल्ल्यात शिरताना त्याला तो बैल आठवला का? डाव्या पानासाठी वाचनालयात शिंदेशाहीच्या इतिहासाची पुस्तके वेगळी काढून ठेवली आहेत. सुट्टीतही सकाळी दहा ते बारा वाचनालय उघडे राहील. पालक मुलांबरोबर येऊन बसले तर हरकत नाही. उजवे पान मात्र मुलांनी स्वतःच लिहावे.