अद्ययावत यंत्रणा आणि अडलेली माहिती

जबलपूर शहरातील गोहलपुर भागात, लेमा गार्डन येथे, तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचे एक संकुल आहे. अशा एखाद्या कारखान्यात कारागिरांची मजुरी नगांवर ठरते असे समजू. कोणी किती नग शिवले याची नोंद रोज एक्सेलच्या तक्त्यात होते व आठवड्याच्या अखेरीस ती हिशेबाच्या डेटाबेसमध्ये उतरविली जाते. एका शनिवारी हे काम अडते. आदल्या रात्री संगणकाने आपली ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करून घेतली, एवढाच काय तो फरक. पडद्यावर ‘बाह्य डेटाबेस ड्रायव्हरकडून अनपेक्षित चूक’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना झळकते, आणि कारागीर तर मजुरीसाठी दाराशी उभे असतात.

या सूचनेमागे एक खरीखुरी घटना आहे. १० ऑक्टोबर २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुरक्षेसाठी काही दुरुस्त्या प्रसृत केल्या. त्या बसविताच, ‘जेट’ नावाच्या ड्रायव्हरच्या द्वारे एक्सेलचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे एक्सएलएस प्रकारचे, तक्ते वाचणारे अनेक कार्यक्रम ठिकठिकाणी बंद पडले. तक्त्यांतील एक अक्षरही बिघडलेले नव्हते. १४ नोव्हेंबरच्या दुरुस्त्यांनी हा दोष दूर झाला. तोपर्यंत ‘जेट’ऐवजी ‘एस’ हा नवा ड्रायव्हर वापरणे हा एक मार्ग होता.

असे का व्हावे? हिशेबाचा कार्यक्रम एक्सेलचा तक्ता स्वतः वाचीत नाही. दोघांची भाषा निराळी असल्यामुळे मध्ये एक दुभाषा लागतो; ड्रायव्हर म्हणजे हाच दुभाषा होय. जेट हा विंडोजचाच एक भाग असल्यामुळे विंडोज बदलली की तोही बदलू शकतो. म्हणून तक्ता पुन्हा नव्याने लिहून काढण्याची जी घाई पुष्कळ ठिकाणी होते, ती व्यर्थ होय. तीत नव्या चुका मात्र शिरतात. मूळ तक्त्याची प्रत बाजूला ठेवावी आणि तोच तक्ता अद्ययावत न झालेल्या दुसऱ्या संगणकावर वाचून पाहावा. तेथे तो वाचला गेला, तर संशय दुभाष्यावर. दुसरा संगणक नसेल, तर दोनच ओळींचा नवा तक्ता करून पाहावा. तोही अडला तर निष्कर्ष तोच. नवी दुरुस्ती काढून टाकल्याने काम पुन्हा सुरू होईल हे खरे, परंतु सुरक्षेतील जे छिद्र तिने बुजविले होते ते पुन्हा उघडे पडते. तो उपाय फार तर एका दिवसापुरता.

संपूर्ण यंत्रणाच बदलल्यास आणखी एक अडचण संभवते. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांचीच आहे. जेटची ६४ बिटांची आवृत्ती कधीच निघाली नाही. तरीही ३२ बिटांचा जुना कार्यक्रम नव्या यंत्रणेत जेटशी बोलू शकतो. ६४ बिटांच्या कार्यक्रमाला मात्र तो ड्रायव्हर सापडतच नाही. येथे नावांचा एक चमत्कारिक घोटाळा आहे. अशा यंत्रणेत ६४ बिटांची साधने ‘सिस्टिम३२’ या कप्प्यात असतात व ३२ बिटांची ‘सिसवॉव६४’ या कप्प्यात. भलत्याच कप्प्यातील साधनाने जोडणी केली, तर ती कार्यक्रमास दिसत नाही.

अडलेले काम निदान दिसते. अधिक घातक असते ते सुरळीत पार पडल्यासारखे वाटणारे काम. नव्याने बसविलेल्या यंत्रणेत तारखेची पद्धत अमेरिकन राहून गेली, तर मजकुराच्या रूपात आलेली ०५/०६ ही ५ जूनची तारीख ६ मे म्हणून वाचली जाऊ शकते. १३/०६ मध्ये तेरावा महिना नसल्याने काही कार्यक्रम ती १३ जूनच समजतात. परिणामी तक्त्याचा एक भाग बरोबर उतरतो आणि दुसरा चुकीचा.

दुसरी मूक चूक याहून फसवी. एखाद्या स्तंभात अंक आहेत की मजकूर, हे एक्सेलचा ड्रायव्हर सामान्यतः पहिल्या आठ ओळी पाहून ठरवितो. ही संख्या कोणी पूर्वी वाढवून ठेवली असेल, तर यंत्रणा नव्याने बसविल्यावर ती पुन्हा आठ होते. आता पहिल्या आठ कारागिरांचे क्रमांक नुसते अंक आणि नवव्याचा ‘अ-१७’ असला, तर संपूर्ण स्तंभ अंकांचा ठरतो व ‘अ-१७’च्या जागी रिकामे घर उतरते. कसलीही सूचना मिळत नाही.

ओळींची संख्या दोन्हीकडे जुळते, नगांची बेरीजही जुळते. म्हणून या दोन पडताळण्यांवर थांबून चालत नाही. प्रत्येक स्तंभातील रिकाम्या घरांची संख्याही दोन्हीकडे मोजावी लागते. ती न जुळल्यास ड्रायव्हरला अधिक ओळी तपासावयास लावून आणि मिश्र स्तंभ मजकूर म्हणून वाचण्याची सूचना जोडणीत देऊन तक्ता पुन्हा उतरवावा, आणि मगच मजुरीचा कागद छापावा. नाहीतर ‘अ-१७’ने शिवलेले नग हिशेबात येतात, परंतु ते कोणाचे हे डेटाबेसला ठाऊक नसते.