दोनशेची कॉफी वीस रुपयांत : धामापूरच्या स्वयंपाकघरातून

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना मागे जो खळखळ आवाज येतोय तो पावसाचा आहे, दुधाचा नाही. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

हेडफोन लावलेत ना? आज मी स्टुडिओत नाही, घरी आहे. घरी म्हणजे धामापूरला, मालवण तालुक्यात. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : आमच्याकडे एक मोठा तलाव आहे, १५३० साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत जागा मिळाली. तेव्हापासून तलाव बघायला येणारी मंडळी वाढली. आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

माझ्या दादाने घरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. पाहुण्यांना घावणे आवडतात, सोलकढी आवडते, माशाच्या कढीचे तर फोटो निघतात. पण सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न येतो, "कॅपुचिनो मिळेल का?" दादा दोनदा ओशाळला, तिसऱ्यांदा त्याने फोनवर कॉफी मशीन शोधलं. किंमत एक लाख वीस हजार. हप्त्यावर मिळतं म्हणे. मला फोन आला, "तू पुण्यात रोज पितेस ना ही कॉफी? सांग, घेऊ का?"

खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं. दोन वर्षं मी आठवड्यातून तीनदा दोनशे-अडीचशे रुपये देऊन लाटे पितेय, पण त्या कपात नेमकं काय असतं ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणून हा भाग.

कपात असतं तरी काय?

कॅफेच्या पाटीवर वीस नावं असतात. सगळी मिळून चारच गोष्टींची बनतात : दाट कॉफी, दूध, हवा आणि गोडवा. लाटे म्हणजे दाट कॉफी, भरपूर गरम दूध, वर पातळसा फेस. कॅपुचिनो म्हणजे तेच, दूध कमी आणि फेस जास्त. मोका म्हणजे लाटेमध्ये कोको. आईस्ड म्हणजे तेच सगळं बर्फावर. नावं इटालियन आहेत, हिशोब आपलाच आहे.

आता यातली दाट कॉफी कॅफेत एस्प्रेसो मशीनमधून येते. १८-२० ग्रॅम बारीक पावडर, त्यातून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी, २५ ते ३० सेकंद, आणि खाली ३६-४० ग्रॅम कॉफी. ९ बार म्हणजे आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याच्या नऊपट. वर जो सोनेरी तपकिरी थर दिसतो तो या दाबामुळेच येतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. हा दाब घरी पंपाशिवाय येत नाही. इंटरनेटवर कुणी प्रेशर कुकरमधून एस्प्रेसो काढून दाखवत असेल तर बघा, हसा आणि सोडून द्या. कुकर त्यासाठी नाही, भाजाल. पण प्रश्न असा आहे की ज्या कपात दोन तृतीयांश दूध आहे, त्यात आपल्याला खरंच ९ बार लागतात का?

आपला एस्प्रेसो : स्टीलचा फिल्टर

नाही लागत. त्यासाठी दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं भांडं आहे. स्टीलचा कॉफी फिल्टर. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दाबायची एक चकती. वीज नाही, रबर नाही, बिघडायला काही नाही. लहान फिल्टर पाचशे रुपयांच्या आत मिळतो.

आणि कॉफी आपल्यापासून लांब कुठे आहे? देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. बाबा बुदन यांनी अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. म्हणजे घाट ओलांडला की कॉफीचं राज्य जवळच आहे.

पावडर घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे चिकोरी किती टक्के ते लिहिलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण ती रंग, दाटपणा आणि कडवटपणा देते. नियमाने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, त्यामुळे ४९ टक्के चिकोरीचं पाकीटही कायदेशीर आहे आणि स्वस्तही. दुधाच्या कॉफीला मला ८०-२० आवडतं, म्हणजे ८० कॉफी, २० चिकोरी.

आता कृती. दोन कपांसाठी :

१. वरच्या डब्यात चार सपाट मोठे चमचे पावडर. साधारण २४ ग्रॅम.

२. चकती ठेवून हलकं दाबा. जोर लावू नका, नाहीतर पाणी तासभर खाली उतरणार नाही.

३. पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी फक्त पावडर भिजेल इतकंच घाला. पुन्हा अर्धा मिनिट थांबा. मग उरलेलं. एकूण पाणी १७० मिली.

४. झाकण लावा आणि वीस मिनिटं विसरून जा. अंघोळ करा.

पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली सुमारे १२० मिली डिकॉक्शन मिळतं. ते एस्प्रेसोच्या साधारण निम्मं दाट असतं. मग उपाय सोपा आहे : जिथे कॅफेवाला ३०-३५ मिली घालतो तिथे आपण ६० मिली घालायचं आणि दूध थोडं कमी करायचं. एवढंच गणित. डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, कडू होतं. गरमपणा दुधाकडून येऊ दे.

फेस : आईचा प्रश्न

मी दुधाला फेस काढत होते तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्या फेसाक दोनशे रुपये? कित्याक गो? सोलकढी घुसळली तरी फेस येता."

हसू नका, बरोबर आहे तिचं. फेस म्हणजे दुधातल्या प्रथिनांनी धरून ठेवलेली हवा. मशीनची वाफ तेच करते, फक्त बुडबुडे फार बारीक करते. म्हणून तो फेस मखमली लागतो.

घरी तीन रस्ते आहेत. पहिला, फुकटचा : रवी. दूध तापवा, पातेलं तिरकं करा आणि रवी पृष्ठभागाजवळ फिरवा. दुसरा, बॅटरीवरचा छोटा फेटणारा, साधारण दोनशे-तीनशे रुपयांचा. तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला : फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी असलेलं काचेचं भांडं. त्यात गरम दूध एक तृतीयांश भरा आणि दांडा वीस-पंचवीस वेळा भराभर वर-खाली करा. मग भांडं ओट्यावर हलकं आपटा, मोठे बुडबुडे फुटतात.

दोन गोष्टी सांभाळा. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवा. थर्मामीटर नको, पातेल्याला बोट एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवता आलं नाही की बस. त्याच्या वर दुधाला उकळल्याचा वास लागतो आणि फेस बसतो. दुसरं, साय काढा. आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, तापवलं की जाड साय. ती राहिली तर फेस धरत नाही. साय बाजूला ठेवा, तुपाला होईल.

आणि झाकणाच्या बरणीत गरम दूध घालून जोरात हलवायचं ते व्हिडिओ आहेत ना? ते नको. वाफेने झाकण उडतं. थंड दूध हलवा, मग गरम करा.

पाटीवरची बाकीची नावं

मोका : एक चमचा कोको आणि साखर आधी गरम डिकॉक्शनमध्ये घोटा, मग दूध. थंड दुधात कोको टाकलात तर गुठळ्या तरंगतात.

कॅरॅमल : कोरड्या पातेल्यात साखर मंद आचेवर तांब्याच्या रंगावर येऊ द्या, मग बाजूला उभं राहून हळूहळू गरम पाणी घाला. उसळतं, सांभाळून. चिमूटभर मीठ. बाटलीत भरा, दोन आठवडे चालतं फ्रिजमध्ये.

डाल्गोना : २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी केली ती. इन्स्टंट कॉफी, साखर, गरम पाणी, तिन्ही समप्रमाणात, फेटत राहा. लक्षात ठेवा, ही फक्त इन्स्टंटची होते. फिल्टरची पावडर पाण्यात विरघळत नाही, हात मोडून येईल पण फेस येणार नाही.

कोल्ड ब्रू : हिला चिकोरी नको, शुद्ध कॉफी आणि जाडसर दळलेली. ५० ग्रॅमला ४०० मिली साधं पाणी, फ्रिजमध्ये १२ ते १६ तास, मग सुती फडक्यातून गाळा. चार दिवसांत संपवा. बर्फाने पातळ होऊ नये म्हणून थोड्या कॉफीचेच खडे करून ठेवा. कॅफेत हिचे पैसे सर्वांत जास्त लावतात आणि करायला सर्वांत कमी कष्ट आहेत.

आता आमची. शिरवाळ्यांबरोबर जो नारळाचा गोड रस असतो तो आठवा. नारळाचं पहिलं दाट दूध, गुळाचा पाक आणि डिकॉक्शन. पण क्रम महत्त्वाचा : गुळाचा पाक थंड करून आधी डिकॉक्शनमध्ये, नारळाचं दूध शेवटी आणि फक्त कोमट. उकळलंत तर फाटतं. वर जायफळ किसा. जायफळ-वेलचीची कॉफी आपल्या घरांत आधीपासून आहेच, आणि जायफळ आमच्याकडे नारळ-पोफळीच्या बागेतच होतं. 'फ्लेवर्ड सिरप'ची बाटली मागवायची गरज नाही.

मग मशीनचं काय झालं?

रात्री जेवण झाल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. तुम्हीही असंच करा, तुमच्या भावाने.

एक कप लाटे : १२ ग्रॅम पावडर, किलोला ८०० धरले तर दहा रुपये. १२० मिली दूध, लिटरला ६० धरले तर सात रुपये. साखर, गॅस तीन रुपये. झाले वीस.

मशीनचा हप्ता : एक लाख वीस हजार, दोन वर्षं, १२ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला साधारण ५,६५० रुपये. दादा पाहुण्यांना कप ८० ला देणार. खर्च जाऊन सुटतात ६०. म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्याला ९४-९५ कप हवेत. आमच्याकडे खोल्या दोन, माणसं चार, आणि भरतात त्या शनिवार-रविवारी. चार माणसं, महिन्यातले आठ दिवस, रोज एक कप : ३२. आणि पावसाचे चार महिने? तेव्हा पाहुणे जवळजवळ नसतात, हप्ता मात्र असतो.

आईने शेवटचा खिळा ठोकला : "पावसात ह्या बिघडला तर दुरुस्त करूक कोण येतलो?"

दादा गप्प बसला. मला वाईट वाटलं, कारण त्याला मशीन हवं होतं ते कॉफीसाठी नव्हतंच. "तुमच्याकडे हे नाही का?" असं कुणी विचारलं की गावात राहिलेल्या माणसाला जे वाटतं ना, त्यासाठी हवं होतं. मी पुण्याला गेले, तो राहिला. हे आम्ही दोघं बोललो नाही, पण कागदावर ते होतं.

आम्ही दोन फिल्टर आणि एक फ्रेंच प्रेस आणली. दोन हजारांच्या आत सगळं. मी म्हटलं, पाटीवर 'एस्प्रेसो' लिहू नकोस, ओळखणारा माणूस ओळखतो आणि मग बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. जे आहे ते लिही. त्याने खडूने लिहिलं : 'फिल्टर लाटे. नारळ-गूळ कॉफी, जायफळ घालून.'

पावसाआधीच्या शेवटच्या शनिवारी पाहुणे आले. एका मुलीने विचारलं, "कॅपुचिनो आहे?" दादा म्हणाला, "कॅपुचिनो नाही. आमची कॉफी आहे, वीस मिनिटं लागतील, तोवर तलावावर जाऊन या." ती गेली, आली, प्याली आणि दुसरा कप मागितला. या वेळी दादा ओशाळला नाही.

तर मंडळी, कॅफेत जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिथे आपण जागेचे, पंख्याखालच्या खुर्चीचे, मित्रांबरोबरच्या दोन तासांचेही पैसे देतो, आणि कधीकधी ते द्यावेत. फक्त कॉफीचे किती आणि बाकीचे किती, हे माहीत असू दे. आठवड्याचे तीन कप घरी केलेत तर महिन्याला दोन हजारांच्या वर वाचतात. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

चला, हेडफोन काढा आणि पाणी तापत ठेवा. पुढच्या भागात भेटू.